वय वंदना कार्ड आलं, आता त्यात काय बसत नाही ते पाहा

सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, ही केंद्राच्या ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाची सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाच्या रंगाची नाही, आणि जुन्या मधुमेहासाठी किंवा हृदयविकारासाठी दोन-तीन वर्षं थांबायलाही लागत नाही. ‘सरकारी कार्डाला कोण विचारतंय’ असं म्हणून ते न काढणारी माणसं स्वतःचंच नुकसान करून घेतात. पण हे कार्ड चालतं ते यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारासाठी, पेशंट दाखल झाल्यावर. म्हातारपणाचा बराचसा खर्च दाखल होण्याच्या आधी आणि घरी आल्यावर होतो. रोजच्या गोळ्या, तपासण्या, चष्मा, कवळी, फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ बसणारी बाई, यातलं काहीच त्या पाच लाखांत येत नाही.

म्हणून घरातलं कोणी ठणठणीत असतानाच एक दुपार काढा आणि खालची कामं करून घ्या. रात्री दोन वाजता मिरजेला किंवा कराडला निघायची वेळ येते तेव्हा नियम वाचायला कोणी बसत नाही.

घरातली सगळी कार्डं बाहेर काढा

पत्र्याच्या पेटीत, गादीखाली, मुलाच्या मोबाईलमध्ये जिथे असतील तिथून आणा. बहुतेक घरांत ‘आयुष्मान’ असं लिहिलेले दोन-तीन वेगवेगळे कागद निघतात आणि तिथेच पहिला घोटाळा सापडतो.

‘आभा’ कार्डावर १४ आकडी नंबर असतो. ती आरोग्याच्या नोंदींची ओळख आहे, तिच्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. गावातल्या शिबिरात आभा काढून आलेले कितीतरी जण आपला विमा झाला असं धरून चालतात. विम्याचं काम करतं ते आयुष्मान कार्ड, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं. सत्तरीनंतरचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड त्याच योजनेतलं, पण वेगळं आहे. पूर्वीपासून आयुष्मान कार्ड असलं तरी सत्तरी पूर्ण झाल्यावर नव्याने ई-केवायसी करून, म्हणजे आधारवरून ओळख पटवून, वय वंदना कार्ड काढावं लागतं. ते आपोआप होत नाही, आणि जुनं कार्ड आहे म्हणून निवांत बसलेल्यांचा जादा पाच लाखांचा हक्क तसाच पडून राहतो.

तिसरी गोष्ट राज्याची, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली झाली, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झाली. १ जुलै २०२४ पासून हे अमलात आलं. तिच्यासाठी वेगळं कार्ड नसलं तरी रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र यावर काम होतं. साठ ते सत्तरच्या मधल्या माणसाला आज सरकारी आधार आहे तो मुख्यतः याच योजनेचा.

आधारवरचं वय तपासा

वय वंदना कार्डासाठी फक्त आधार लागतं, आणि वयही आधारवरचंच धरतात. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने तीच तारीख टाकली. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांच्या आधारवर नोंदणी करणाऱ्याने विचारून अंदाजे वय लिहिलं. त्यामुळे खरं वय चौऱ्याहत्तर आणि आधारवर अडुसष्ट, अशी माणसं गावोगाव आहेत.

अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंदीचा उतारा हुडका आणि आधार केंद्रावर दुरुस्ती करा. जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, तेव्हा ‘सत्तर तरी करून टाका’ म्हणून मनाने तारीख देऊ नका. पेन्शन, बँक आणि पॅनकार्डाशी ती जुळली नाही तर नवी कटकट मागे लागेल. पुरावाच मिळत नसेल तर आधारवर सत्तरी भरेपर्यंत राज्याची योजना वापरायची.

नोंदणी आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या होते. आपले सरकार केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयातही होते. गावात आशाताई हे काम करतात. कार्डासाठी कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. ओळख पटवायला ओटीपी, बोटाचा ठसा, बुबुळ किंवा चेहरा यांपैकी एक लागतं. ओटीपी बहुतेकदा मुंबईतल्या लेकाच्या फोनवर जातो आणि तो नेमका कामावर असतो. ठशाचं म्हणाल तर जन्मभर भांगलण नि ऊसतोड केलेल्या हातांचे ठसे मशीन धरत नाही. चेहऱ्याने ओळख पटवण्याचा पर्याय आहे, तो आवर्जून मागा. ‘ठसा येत नाही, पुढच्या महिन्यात या’ एवढ्यावर परत येऊ नका.

माजी सैनिकांच्या घरी एक गोष्ट जपा

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर घरटी कोणी ना कोणी फौजेत गेलेलं. तिथल्या बऱ्याच ज्येष्ठांकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असतं, आणि केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांकडे त्यांच्या योजनेचं, सीजीएचएसचं. यांना वय वंदना घेताना दोन्हींतलं एक निवडावं लागतं, आणि ही निवड एकदाच करता येते.

ईसीएचएसमध्ये पॉलिक्लिनिकवर डॉक्टर दाखवता येतो, रोजच्या गोळ्या मिळतात, आणि पाच लाखांची वार्षिक मर्यादाही नाही. ते सोडून वय वंदना घेण्यात मला तरी कोणाचाच फायदा दिसत नाही. अडचण अशी की शिबिरात रांग लागलेली असते, ऑपरेटर भराभर खुणा करत जातो, आणि आबांना कळतही नाही की कशावर ‘हो’ म्हटलं. तेव्हा ईसीएचएसवाल्यांना शिबिराला एकटं पाठवू नका. ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा) किंवा खासगी पॉलिसी असेल तर मात्र हा प्रश्न येत नाही, त्यांना वय वंदनाही मिळतं.

ईएसआयसीवरून आठवलं. किर्लोस्करवाडी, कुपवाड, शिरवळ, लोणंद या पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या आणि किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे वैद्यकीय लाभ पुढे चालू ठेवता येतात. दवाखाना आणि औषधं दोन्ही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं, ही माहिती फारसं कोणी देत नाही. जुने पगाराचे कागद असतील तर ईएसआयच्या जवळच्या कार्यालयात विचारा.

पाच लाख नेमके कोणाचे?

समजा वाळवा तालुक्यातलं एक घर आहे. आबा ७३ वर्षांचे, आई ६७ ची, थोरला मुलगा, सून आणि दोन नातवंडं एकाच रेशनकार्डावर. कुटुंबाचे पाच लाख सगळ्यांत मिळून आहेत. म्हणजे विहिरीवरचं पाळीचं पाणी: वरच्याने आधी भरून घेतलं की खालच्याला उरेल तेवढं. मुलाच्या हृदयाच्या उपचारात साडेतीन लाख गेले तर त्या वर्षी आईसाठी दीड लाख राहतात.

आबांचं तसं नाही. त्यांच्या वय वंदना कार्डावर वेगळे पाच लाख आहेत आणि त्यांना घरातलं दुसरं कोणी हात लावू शकत नाही. पण ते आईलाही वापरता येत नाहीत, कारण ती सत्तरीची नाही. आणि पुढे आईची सत्तरी भरली की दोघांचे मिळून दहा लाख होतील असंही नाही. घरातल्या सत्तरीवरच्या सगळ्यांत मिळून पाचच लाख. नवरा-बायको दोघंही वृद्ध, दोघांनाही मोठं आजारपण एकाच वर्षी, असं झालं तर ही मर्यादा जाणवते.

या हिशेबातून दिसतं की सगळ्यात उघडी पडते ती साठ ते सत्तरमधली बाई. नवऱ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, गुडघे गेलेले, बीपी-शुगर दोन्ही, आणि विमा मात्र सगळ्या घराच्या वाटणीतला. घरच्या चर्चेत ‘आबांचं कार्ड झालं’ म्हणजे दोघांचं झालं असंच धरलं जातं. एका कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे कोणतं कार्ड, कोणते पाच लाख, हे लिहून काढा, म्हणजे आईची जागा किती रिकामी आहे ते समोर येईल.

रुग्णालय आजारपणाआधी ठरवा

आपल्या सातारा-सांगली भागात जमेची बाजू आहे. मिरजेत वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून ते वैद्यकीय गाव आहे, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पार कर्नाटकातून पेशंट तिथे येतात. कराडलाही मोठी रुग्णालयं आहेत. पण रुग्णालय योजनेत ‘आहे’ याचा अर्थ सगळ्या विभागांसाठी आहे असा होत नाही. एखादं हाडांच्या उपचारांसाठी योजनेत असतं, हृदयासाठी नसतं. यादीत नावं घातली जातात आणि काढलीही जातात, म्हणून शेजाऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका.

असं करा. घरातल्या ज्येष्ठांना कशाचा धोका आहे ते आधी ठरवा. हृदय, पक्षाघात, मूत्रपिंड, पडून मांडीचं हाड मोडणं, कर्करोग, मोतीबिंदू, बहुतेकांचं याच यादीत कुठेतरी बसतं. मग १५५३८८ या राज्य योजनेच्या क्रमांकावर किंवा १४५५५ या आयुष्मानच्या क्रमांकावर फोन करून त्या-त्या उपचारासाठी सध्या जवळचं कोणतं रुग्णालय चालतं ते विचारा. आयुष्मान अ‍ॅपवरही शोधता येतं. शक्य असेल तर त्या रुग्णालयात एकदा जाऊन आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची नोंद करणाऱ्या माणसाचं, टेबल कुठे आहे ते पाहून या. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात हा माणूस असतो, आणि सगळं गाडं त्याच्याकडूनच पुढे सरकतं.

काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, खासगीत ते कार्डावर होत नाहीत. राज्याच्या यादीत २०२३ च्या निर्णयाप्रमाणे १,३५६ उपचार होते आणि त्यानंतर ती वाढवण्यात आली, तरीही साधा ताप, अशक्तपणा, ‘दोन दिवस सलाईन लावू’ अशी भरती खासगी रुग्णालयात योजनेखाली बसेलच असं नाही. आणि म्हाताऱ्या माणसांच्या भरत्या बहुतेक अशाच असतात. त्यासाठी पहिला विचार सरकारी रुग्णालयाचा करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, कराडच्या वेणूताई चव्हाण रुग्णालयासारखं उपजिल्हा रुग्णालय यांत, केसपेपरपासून भरतीपर्यंत सगळं मोफत आहे. इथे एक खाच आहे. हा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नाही. मिरजेचं आणि सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय त्या विभागाकडे येतात, तिथे थोडंफार शुल्क असतं. साताऱ्याचं सिव्हिलही आता वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, त्यामुळे तिथे खिडकीवर विचारून घेतलेलं बरं.

दाखल होताना

पिशवीत एवढं ठेवा: मूळ आधार, रेशनकार्ड, वय वंदना किंवा आयुष्मान कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी. रुग्णालयाच्या खिडकीवर पहिलंच वाक्य ‘योजनेतून करायचं आहे’ हे असू द्या. पैसे भरून दाखल झालात आणि तीन दिवसांनी कार्ड काढलंत, तर आधीचे पैसे परत मिळवणं फार जड जातं. योजना कॅशलेस आहे. ‘आधी भरा, मग बिल सादर करा’ अशी तिची रचनाच नाही.

आरोग्यमित्र कागद पाहून नोंद करतो, डॉक्टर उपचाराचं पॅकेज ठरवतात, मग पूर्वपरवानगी मागवली जाते. तातडीच्या प्रसंगी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात. तेव्हा ‘रेशनकार्ड गावाकडे राहिलं’ म्हणून पेशंटला परत नेऊ नका, फक्त कागद द्यायची मुदत विचारून घ्या. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. तिच्या डॉक्टरला योजनेतलं रुग्णालय हवं असल्याचं सांगता येतं, मात्र जीव धोक्यात असेल तर सर्वात जवळचंच योग्य.

पॅकेजमध्ये खाट, शस्त्रक्रिया, औषधं, इम्प्लांट, जेवण येतं. केंद्राच्या नियमात दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा त्या आजाराचा खर्चही येतो. राज्याच्या योजनेत घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि पाठपुरावा येतो. घरी सोडताना या दिवसांच्या गोळ्या मागून घ्या, लोक त्या विसरतात. महिनाभर आधी निदानासाठी केलेला एमआरआय मात्र यात बसत नाही. नुसत्या तपासणीसाठी दाखल करून घेणंही बसत नाही.

कार्ड जिथे संपतं तिथून पुढे

खरं काम इथून सुरू होतं, कारण घराची बचत खाऊन जातात ते खर्च इथले आहेत.

सुरुवात रोजच्या गोळ्यांपासून. बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉल, अशा चार-पाच गोळ्या मरेपर्यंत चालतात आणि ओपीडीचा खर्च योजनेत नाही. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून नाव बदललेल्या उपकेंद्रात मोफत मिळतात. तिथे नाव नोंदवून घ्या. एखादा महिना साठा नसतो, तेव्हा जनऔषधी केंद्रातून घ्यायच्या, तिथे बऱ्याच गोळ्या ब्रँडच्या निम्म्यापेक्षाही कमी दरात पडतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायची विनंती करा, म्हणजे केंद्रावर अडत नाही. मात्र हृदयाच्या किंवा फिटच्या गोळ्या मनाने बदलू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

मोतीबिंदूसाठी खासगीत चौकशी करण्याआधी सरकारी रुग्णालयात जा. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली तिथे लेन्ससह शस्त्रक्रिया मोफत होते. परदेशी लेन्स हवी असेल तर ती हौस पदरच्या पैशाची.

चष्मा, कानाचं यंत्र, कंबरेचा पट्टा, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठाला एकदाच तीन हजार रुपये बँक खात्यात मिळतात. चांगलं कानाचं यंत्र त्यात येत नाही, पण वॉकर आणि कमोड खुर्चीचं भागतं. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात, सध्या स्वीकारतात का हे आधी विचारून. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत पैशांऐवजी वस्तूच मिळतात, कवळीसुद्धा, पण त्यासाठी शिबिराची वाट पाहावी लागते. दातांचा बाकी खर्च जवळजवळ सगळा आपलाच.

पक्षाघात किंवा मांडीचं हाड मोडणं, या दोन प्रसंगांत विम्याची फट सर्वात रुंद असते. शस्त्रक्रिया कार्डावर होते, सात-आठ दिवसांत पेशंट घरी येतो, आणि मग तीन महिने फिजिओथेरपी, हवेची गादी, डायपर, रात्री उठवायला माणूस. याला कोणतीच सरकारी योजना पुरेसे पैसे देत नाही, आणि सुनेने नोकरी सोडली तर तो खर्च कुठल्याच कागदावर येत नाही. जमतील तेवढे मार्ग असे: रुग्णालयातून निघण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि फोनवर चित्रण करून ठेवा. सरकारी रुग्णालयातली फिजिओथेरपी ओपीडी पाहा. खाट, व्हीलचेअर, ऑक्सिजन यंत्र नाममात्र भाड्याने देणाऱ्या संस्था आणि मंडळं सातारा, कराड, सांगली, मिरज अशा शहरांत असतात, विकत घेण्याआधी चौकशी करा. आणि भावंडांनी महिन्याला प्रत्येकी काही रक्कम एका वेगळ्या खात्यात टाकायला आजच सुरुवात करा. आजारपण आल्यावर ‘तुझं किती, माझं किती’ हा विषय काढला की पेशंट बाजूला राहतो.

जाण्यायेण्याचा खर्च किरकोळ वाटतो, पण जत किंवा माणहून दर आठवड्याला डायलिसिसला येणाऱ्यांना विचारा. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. सोबतच्या माणसाला मात्र तिकीट काढावंच लागतं.

उपचार यादीतच नसेल तेव्हा दोन दारं आहेत. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असावं लागतं, आणि पेशंट रुग्णालयात असतानाच अर्ज करायचा असतो. बिल भरून घरी आल्यावर उपयोग नाही. यासाठीचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयात आहे, मुंबईला हेलपाटा मारावा लागत नाही. दुसरं दार धर्मादाय रुग्णालयांचं. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. टाळाटाळ झाली तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात जा. या दोन्हींसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो चालू वर्षाचा काढून ठेवला असला तर ऐन वेळी सेतूच्या खिडकीवरचे दोन-तीन दिवस वाचतात.

साठी ते सत्तरीच्या मधल्यांसाठी खासगी पॉलिसी घ्यावी का?

परवडत असेल आणि प्रकृती अजून धड असेल तर घ्या, मुख्यतः योजनेत नसलेल्या रुग्णालयासाठी. १ एप्रिल २०२४ पासून ६५ नंतर पॉलिसी न देण्याची जुनी सबब नियमातून गेली. जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं, आणि पाच वर्षं सलग हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. २०२५ च्या सुरुवातीला साठीवरच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवण्यावर विमा नियामकाने बंधन आणलं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला.

एजंटला तीनच प्रश्न विचारा. दाव्यातले किती टक्के आम्ही भरायचे? खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? मोतीबिंदू, गुडघा, हर्निया यांना वेगळी मर्यादा आहे का? उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. पॉलिसी हातात पडल्यावर तीस दिवसांत परत करता येते, ते दिवस वाचण्यात घालवा. बीपी-शुगर लपवून फॉर्म भरून देणारा एजंट आपल्या फायद्याचा नसतो.

हल्ली ‘पाच लाख सरकारी आहेतच, वरचा सुपर टॉपअप घ्या, स्वस्त पडतो’ असा सल्ला देतात. ऐकायला बरा वाटतो. पण योजनेबाहेरच्या रुग्णालयात सरकारी कार्ड चालत नाही, त्यामुळे तिथे पहिले पाच लाख खिशातून जातात आणि मग टॉपअप सुरू होतो. ज्याच्याकडे पाच लाख रोकड तयार आहे त्याच्यासाठी ते ठीक, बाकीच्यांनी कमी रकमेची का होईना मूळ पॉलिसी पाहावी. पॉलिसी मिळालीच नाही, तर तोच हप्ता दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्या मुलाला, विमा नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या औषधोपचारावर केलेला खर्च प्राप्तिकराच्या ८०डी कलमाखाली ५० हजारांपर्यंत दाखवता येतो. त्यासाठी पैसे रोख देऊ नका आणि पावत्या जपा.

पैसे मागितले तर

‘योजनेत एवढंच बसतं, फरक भरा’ हे वाक्य अधूनमधून कानावर येतं. पॅकेजमधल्या उपचारासाठी फरक घ्यायची मुभा नाही. भांडण काढू नका, शांतपणे म्हणा, ‘कशाचा फरक ते लिहून द्या आणि पावती द्या.’ बऱ्याच वेळा मागणी तिथेच विरते. नाही विरली तर आधी आरोग्यमित्र, मग १५५३८८ वर तक्रार आणि तिचा क्रमांक टिपून घेणं, मग योजनेचे जिल्हा समन्वयक. वरती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा तक्रार निवारण समिती असते, तिच्याकडे लेखी अर्ज आणि पावतीची झेरॉक्स द्या. ‘स्वखुशीने खासगी उपचार घेत आहोत’ अशा मजकुराच्या कागदावर घाईत सही करू नका, कारण पुढे तक्रार त्याच सहीवर अडते. परवानगी नाकारली गेली असेल तर कारण विचारा. कित्येकदा एखादा रिपोर्ट जोडायचा राहिलेला असतो आणि तो जोडून पुन्हा पाठवता येतं.

लेकाकडे राहायला गेल्यावर

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातली, मंडळी तमिळनाडूपासून दिल्लीपर्यंत पसरलेली आहेत, पाटण-जावळीची मुंबईत. आई-वडील सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. राज्याची योजना महाराष्ट्रात कुठेही चालते, मुंबईतही, पण राज्याबाहेर नुसत्या रेशनकार्डावर काही मिळत नाही. आयुष्मान आणि वय वंदना कार्ड मात्र योजनेत सहभागी असलेल्या इतर राज्यांतल्या रुग्णालयांतही चालतं. म्हणजे ७३ वर्षांच्या आबांना कोइमतूरला उपचार मिळतील आणि ६७ वर्षांच्या आईला, तिच्याकडे आयुष्मान कार्ड नसेल तर, मिळणार नाहीत. गाडीत बसण्याआधी आईचं नाव आयुष्मानच्या यादीत आहे का ते १४५५५ वर विचारा. नसेल तर डोळ्याचं किंवा गुडघ्याचं ठरलेलं काम इकडेच उरकून मग निघा, आणि महिन्याच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून सोबत घ्या.